गाडी चालू, तोंड चालू

"डावीकडे बघितलं, मोकळं आहे. उजवीकडे साखरेचा डबा, अंतर ठेवलं. कप उचलतो. हळू... हळू... घोट घेतला. कप खाली."

"अहो," बायको म्हणाली, "गपचूप चहा प्या."

घड्याळवाल्याने जीभ चावली. आपण हे सगळं मोठ्याने बोलतोय याचा त्याला पत्ताच नव्हता. गेले काही आठवडे असंच चाललं होतं. तो न्हाणीघरात गेला की आतून "पाणी गरम. तांब्या उजव्या हातात. मागे कोणी नाही," असं ऐकू यायचं. परवा लिफ्टमध्ये शेजारच्या वकीलबाई उभ्या होत्या, तर याच्या तोंडून "पुढे मोठं वाहन, थांबतो," असं निघून गेलं. वकीलबाई तेव्हापासून जिन्याने जातात, आणि जाताना याच्या दाराकडे बघतसुद्धा नाहीत.

तसा हा माणूस मुळात बोलघेवडा नव्हता बरं का. उभं आयुष्य त्याने डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली होती. त्या धंद्यात तोंड उघडलं की श्वासाने स्क्रू उडून जातो आणि मग दिवसभर जमिनीवर रांगत बसावं लागतं, त्यामुळे गप्प राहणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं. पुढे लोक वेळ फोनमध्ये बघायला लागले. दुकानात कोणी आलंच तर ते पत्ता विचारायला यायचं. शेवटी एक दिवस त्याने शटर खाली ओढलं.

पन्नाशी उलटलेली, मिशा पिकलेल्या. आवाज मात्र देवाने कोवळाच ठेवलेला, फोनवर बोलला की पलीकडचा माणूस "बाळा, घरात कोणी मोठं आहे का?" असं विचारायचा. या वयात माणसं गुडघ्याला तेल चोळत बसतात. हा पठ्ठ्या ट्रक चालवायला निघाला! लहानपणापासूनची हौस होती म्हणे. "आयुष्यभर बारीक चाकं फिरवली, आता जरा मोठी फिरवून बघतो," असं त्याने घरात जाहीर केलं, खटपट करून जड वाहनाचा परवाना काढला आणि एका मालवाहतूक कंपनीने त्याला ठेवूनही घेतलं. अट एकच होती. वस्तादाच्या शेजारी बसून शिकायचं आणि वस्ताद 'हा तयार झाला' म्हणाला की मगच पक्की नोकरी.

त्या वस्तादापायीच आज चहा कडू लागत होता.

"आज संध्याकाळी देतो राजीनामा," घड्याळवाला म्हणाला.

बायकोने पदर खोचला. ती दाताच्या दवाखान्यात काम करायची. दुखतंय म्हणून विव्हळणारी माणसं तिने रोज पाहिलेली. "नक्की ना? मागच्या आठवड्यातही देणार होतात."

"नक्की. या वयात तो मला शेंबड्या म्हणतो गं! कार्ट्या म्हणतो. काल तर म्हणाला, शाळेत तरी जातोस का."

"मग पुढे काय? दादाच्या दुकानात?"

घड्याळवाल्याने कप दूर सारला. बायकोच्या भावाचं रंगाचं दुकान होतं आणि तो बिचारा मनापासून सांगायचा, "भावोजी, हा हट्ट सोडा. माझ्या काउंटरवर बसा. डोक्यावर पंखा आहे, खाली खुर्ची आहे. गिऱ्हाईक आलं की तुम्ही फक्त मला हाक मारायची." ते 'फक्त हाक मारायची' घड्याळवाल्याच्या काळजात जाऊन बसलं होतं. ट्रकचं दार उघडून वर चढलं, उंच सीटवर बसलं आणि एवढं मोठं धूड आपल्या दोन हातांनी वळलं की त्याला स्वतःचा अभिमान वाटायचा. तो सोडायचा आणि हाक मारायला बसायचं, या विचारानेच त्याचा घास अडकायचा. पण शेजारी वस्ताद बसला की तोच घास वर यायचा. करणार काय?

"बरं, सोडायचं तर रीतसर सोडा," बायको म्हणाली. "माल पोचवा, गाडी जागेवर लावा, ऑफिसात जाऊन शांतपणे सांगा. गाडीत बसल्या बसल्या भांडू नका. तोवर तोंड बंद ठेवा."

"तोंड बंद ठेवलं तर गाडी चालवू देईल का तो?"

कारण वस्तादाचा नियमच तो होता. गाडी चालू, तोंड चालू. चालवताना जे जे दिसेल, जे जे कराल, ते मोठ्याने बोलायचं. आरसा बघितला, बोला. गिअर टाकला, बोला. कुत्रं आडवं आलं, कुत्र्याचा रंग बोला. जरा थांबलं की वस्ताद सीटवरून उसळायचा, "अरे टोणग्या, वाचा बसली का?" या जाचाने आधीचे कित्येक शिकाऊ पळाले होते. एक तर सिग्नलला गाडी थांबल्यावर दार उघडं टाकूनच चालता झाला. दुसरा आता फुलांचं दुकान चालवतो आणि बाहेर हॉर्न वाजला की टेबलाखाली जातो. कंपनी मात्र वस्तादावर खूश होती. जे टिकले, त्यांनी कधी साधा ओरखडाही येऊ दिला नव्हता.

त्या दिवशी गाडीत गाद्या होत्या. मुलींच्या एका नव्या वसतिगृहात पोचवायच्या होत्या. घड्याळवाला यार्डात पोचला तेव्हा वस्ताद आधीच आपल्या सीटवर, आपल्या खास उशीवर, छातीवर हात बांधून बसला होता.

"आलास? चाकं बघितलीस का सगळी?"

"बघितली."

"हात लावून?"

"हात लावून."

"मग बोल की तोंडाने! इथे काय लपाछपी खेळायला आलाय का, शेंबड्या?"

घड्याळवाल्याने दीर्घ श्वास घेतला, 'संध्याकाळी, संध्याकाळी' असं मनात म्हणत चावी फिरवली आणि गाडी बाहेर काढली.

निम्मं अंतर गेल्यावर डॅशबोर्डवरचा कंपनीचा फोन वाजला. ऑफिसातल्या बाई होत्या. सगळ्या गाड्या कुठे जातात, कधी पोचतात, हे त्या एकट्या सांभाळायच्या आणि त्यांना कंपनीचे नियम पाठ होते. "वसतिगृहाचं पुढचं गेट खोदकामामुळे बंद आहे," स्पीकरमधून त्यांचा आवाज आला. "मागच्या गल्लीतून जा. फोन चालूच ठेवा, मी रेक्टरबाईंना विचारते की गाडी उलटी आत घ्यायची की सरळ." आणि त्या दुसऱ्या लाइनवर बोलायला गेल्या.

फोन चालू राहिला. पाच मिनिटांत दोघंही तो विसरून गेले.

"पुढे स्कूटर," घड्याळवाला बोलत होता. "मागे दोन पोती बांधलेली. अंतर ठेवलं. डावा आरसा मोकळा. वेग कमी. संध्याकाळी ऑफिसात जाऊन राजीनामा द्यायचा. गिअर खाली. वळतोय."

आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं. पण गाडी वळणात होती, थांबता येईना.

"वळताना उजवा आरसा कोण सांगणार?" वस्ताद म्हणाला.

"उजवा आरसा मोकळा."

"हं."

वळण संपलं. मग वस्तादाने विचारलं, "राजीनामा कोण देणार?"

"मी."

"कशापायी?"

इथे एखादी थाप मारता आली असती. घरी पाहुणे आलेत, पाठ दुखते, काहीही. पण थाप मारायला डोकं आणि जीभ यांच्यात थोडी तरी जागा लागते, आणि वस्तादाच्या शिकवणीने ती जागाच बुजून गेली होती. डोक्यात आलं की तोंडातून पडायचं.

"पुढे खड्डा. चुकवला. तुमच्या जाचापायी. दोन बायका रस्ता ओलांडतायत, थांबलो. माणसाला माणूस म्हणायचं सोडून तुम्ही शेंबड्या म्हणता. बायका गेल्या. पहिला गिअर. मी झोपेत पाय मारतो, बायको म्हणते ब्रेक मारताय, ती आता बाहेरच्या खोलीत झोपते. डावा आरसा, सायकल. जाऊ दिली. गाडी मला आवडते हो, जीव आहे माझा गाडीवर, पण तुम्ही शेजारी बसलात की पोटात गोळा येतो. गल्ली आली. अरुंद आहे. वळवतो."

"शेंबड्या नको तर काय म्हणू?" वस्ताद गुरगुरला. "आजोबा म्हणू?"

"काही म्हणू नका. मीच नसेन उद्यापासून. मागे गेट दिसलं, सरळ शिरणार नाही. उलटा गिअर टाकला."

"ऐकलं मी सगळं," फोन म्हणाला.

घड्याळवाल्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. ट्रक गल्लीत बरोब्बर आडवा थांबला. तोंड समोरच्या दुकानाच्या पायरीपाशी, शेपूट वसतिगृहाच्या गेटकडे.

"राजीनामा मंजूर," ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. "तोंडी दिला तरी आपल्याकडे त्याच क्षणापासून धरतात. वस्तादांचे शिकाऊ लिहून द्यायला परत येतच नाहीत, म्हणून हा नियम करावा लागला. तेव्हा आता तुम्ही कंपनीचे नाही. तुम्ही चालवलेल्या गाडीला विमा लागू नाही. स्टिअरिंगवरून हात काढा आणि खाली उतरा. वस्ताद, गाडी तुम्ही आत घ्या. रेक्टरबाई म्हणतायत, उलटीच घ्या."

"बाई, निदान आत तरी घेऊ द्या—"

"हात काढा म्हटलं ना!"

घड्याळवाला हात वर करून खाली उतरला. एवढ्यात गल्लीच्या एका बाजूने शाळेची बस आली, दुसऱ्या बाजूने भाजीची गाडी, तिच्यामागे स्कूटरी, आणि जो तो हॉर्नवर हात ठेवून बसला. वसतिगृहाच्या गेटातून रेक्टरबाई बाहेर आल्या.

"उद्या सकाळी मुली येणार आहेत! झोपणार कशावर त्या? फरशीवर?"

"वस्ताद घेतायत आत," घड्याळवाला म्हणाला.

वस्ताद मात्र जागचा हलेना. आधी म्हणाला, गुडघा आखडलाय. मग म्हणाला, सीट खाली-वर झालीय. मग म्हणाला, त्या सीटला दुसऱ्याच्या पाठीची सवय झालीय, तिच्यावर आपण बसत नाही. हॉर्नांचा गोंगाट वाढला. भाजीवाला गाडी सोडून आला आणि हातवारे करत "घ्या, घ्या, घ्या" म्हणायला लागला. काय घ्या, कुठे घ्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं. अखेर वस्ताद चडफडत ड्रायव्हरच्या सीटवर सरकला आणि गाडी मागे घ्यायला लागला.

गाडी गेटात जायची सोडून सरळ गेटाशेजारच्या खांबाकडे निघाली. खांब साधासुधा नव्हता, चांगला हत्तीच्या पायाएवढा आणि पिवळाधमक. घड्याळवाला ओरडला, "मागे खांब! खांब!" पण बसमधली पोरं त्याच्याहून मोठ्याने ओरडत होती. तो धावत पुढे आला, आरशासमोर उभा राहून दोन्ही हात हलवायला लागला. वस्ताद आरशात बघत होता. सरळ त्याच्याकडेच बघत होता. आणि गाडी मागेच येत होती. शेवटी घड्याळवाल्याने दारावर धाडधाड बुक्के मारले, तेव्हा कुठे ब्रेक लागला. खांब आणि ट्रक यांच्यात एखादी उशी बसेल इतकीच जागा उरली होती.

घड्याळवाला दुसऱ्या बाजूने वर चढला आणि त्याने दार लावून घेतलं.

"वस्ताद, मी आत्ता कुठे उभा होतो?"

"खाली."

"खाली कुठे?"

"खाली म्हणजे खाली! अक्कल शिकवतोस?"

"आरशात दिसलो का?"

वस्ताद नुसताच आवाजाच्या दिशेने बघत राहिला. घड्याळवाला पुढे वाकला. जवळून बारीक गोष्टी बघण्यात त्याचा जन्म गेला होता. जुन्या घड्याळाची काच आतून धुरकट होते तशा वस्तादाच्या दोन्ही बाहुल्या धुरकटलेल्या होत्या. आणि मग त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आरसा बोल, कुत्र्याचा रंग बोल, गाडी चालू तर तोंड चालू!

त्याने वस्तादाची उशी उचलली आणि फोनवर दाबून ठेवली. खालून बाईंचं "हॅलो? हॅलो?" लांब कुठेतरी ऐकू येत राहिलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

वस्तादाचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "झाली दोनेक वर्षं. साखर आहे मला. मोतीबिंदू म्हणतात. इंजिन ऐकू येतं रे मला, चाकं ऐकू येतात. रस्ता तेवढा दुसऱ्याच्या तोंडून बघावा लागतो. आधीची पोरं नुसतं मोकळं मोकळं करायची. तू नीट सांगतोस. काल तू त्या मांजराच्या शेपटीचं सांगितलंस, तेव्हा मला ते दिसलं बघ."

"आणि त्याबद्दल मला शिव्या घातल्या."

"मग काय आरती ओवाळू?"

घड्याळवाल्याला राग आला. खूपच आला. "काही लाज? उद्या एखाद्या पोराने चुकीचं सांगितलं असतं आणि चाकाखाली कोणी गेलं असतं तर? ऑपरेशन का नाही केलंत?"

वस्ताद खिडकीबाहेर बघायला लागला. बघून त्याला दिसणार काय होतं, कोण जाणे. "डोळ्याजवळ कोणी सुई आणली की मला घाम फुटतो," तो पुटपुटला. "आणि ऑफिसात कळलं की हाकलतील. गाडीशिवाय मला दुसरं येतं काय?"

गाडी गेली तर काय उरतं, हे घड्याळवाल्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याचा राग गेला नाही, पण त्याच्या शेजारी कीवही येऊन बसली.

"हे बघा," तो म्हणाला, "गाडी मी आत लावतो. पण माल उतरला की तुम्ही स्वतः ऑफिसात जाऊन सांगायचं. मी बरोबर येतो. दवाखान्यातही येतो. नाही सांगितलंत तर मीच सांगणार. आणि माझं तोंड आता कसं झालंय ते तुम्हाला माहीत आहे."

वस्तादाने स्टिअरिंगवरचे हात काढले. मग मान हलवली.

घड्याळवाल्याने उशी बाजूला केली. "बाई, मी राजीनामा मागे घेतो."

"असा कसा मागे घेता?" बाई म्हणाल्या. "त्यालाही नियम आहे. माणूस चांगला चालवतो असं त्याच्या वस्तादाने सांगावं लागतं. माझ्या कानावर पडेल असं. वस्ताद, आहात का?"

वस्तादाच्या कपाळावर घाम आला. इतक्या वर्षांत त्याने कोणालाही चांगलं म्हटलं नव्हतं. त्याला ते म्हणायचं कसं तेच ठाऊक नव्हतं. "बरा आहे," तो म्हणाला.

"बरा चालत नाही. चांगला आहे की नाही?"

"वाईट नाही."

"वस्ताद, माझ्या लाइनवर आणखी गाड्या ताटकळल्यात!"

एव्हाना भाजीवाला खिडकीला लटकला होता. रेक्टरबाई फूटबोर्डवर चढल्या होत्या. "अहो, म्हणा ना चांगला!" त्या म्हणाल्या. "तुमचं काय जातंय?"

"चांगला," वस्ताद इतक्या हळू म्हणाला की इंजिनाने ते गिळून टाकलं.

"ऐकू आलं नाही," फोन म्हणाला.

"चांगला!" वस्ताद गरजला. "चांगला चालवतो! इतका चांगला चालवणारा माझ्या शेजारी आजवर बसला नाही! झालं समाधान?"

बसमधल्या पोरांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळवाल्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसायलाही त्याला वेळ मिळाला नाही.

"आता बघत काय बसलास शेंबड्या, ये इकडे, टाक गिअर!"

दोघांनी जागा बदलल्या. घड्याळवाला बोलायला लागला, पण आज आपण कोणासाठी बोलतोय हे त्याला माहीत होतं. "गाडी थोडी पुढे घेतो. पायरी दिसतेय, तिच्यावर एक म्हातारी निवांत बसलीय, तिला काही घाई नाही. थांबलो. आता मागे. उजव्या आरशात खांब, पिवळा, त्याच्यावर अर्धी फाटलेली जाहिरात. खांब सरला. डावीकडे रेक्टरबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. त्याही सरल्या. गेट. दोन्हीकडे सारखी जागा. आत आलो."

"आलास," वस्ताद म्हणाला. गल्ली मोकळी झाली आणि भाजीवाला सगळं आपणच केल्यासारखा घाम पुसत निघून गेला.

संध्याकाळी ऑफिसात वस्तादाने खरं काय ते सांगितलं. बाई खुर्चीतून उठल्याच. "म्हणजे ते बोलत बोलत चालवणं... ती तुमची पद्धत नव्हती?"

"पद्धत कसली बाई. गरज होती."

"अहो, आम्ही ती सगळ्या शाखांना लागू केलीय!" बाईंनी कपाळावर हात मारला. "सगळीकडचे ड्रायव्हर बडबडतायत! एकाची बायको माहेरी गेलीय!"

बाई संतापल्या, पुष्कळ बोलल्या, आणि मग कोणी चांगला डोळ्यांचा डॉक्टर माहीत आहे का, म्हणून स्वतःच चारचौघांना फोन करायला लागल्या. वस्तादाला रजा मिळाली. डोळे तपासून डॉक्टरांनी परवानगी दिली तरच परत यायचं, असं ठरलं. तोवर घड्याळवाल्याने यार्डातल्या यार्डात गाड्या लावायच्या.

"दिलात का राजीनामा?" घरी बायकोने विचारलं.

"दिला. मंजूरपण झाला."

"मग?"

"मग मागे घेतला," घड्याळवाला म्हणाला आणि त्याने आपण होऊन वाढून घेतलं, एकही शब्द न बोलता. बायकोने चमकून त्याच्याकडे बघितलं.

ऑपरेशनच्या दिवशी घड्याळवाला ठरल्याप्रमाणे गेला. वस्तादाने त्याचा हात असा आवळून धरला की आणखी थोडा वेळ लागता तर त्याच्याही हाताचं ऑपरेशन करावं लागलं असतं. नंतर एका डोळ्यावर पट्टी बांधलेल्या वस्तादाला त्याची बहीण आपल्या घरी घेऊन गेली. दुसरा डोळाही तिच्याकडेच राहून झाला.

बऱ्याच दिवसांनी वस्ताद यार्डात आला तेव्हा काळा चष्मा लावून, इकडे तिकडे बघत, लहान मुलासारखा खुशीत होता. भिंतीचा रंग बघत होता, आभाळ बघत होता. एका ट्रकपाशी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ चाकांना हात लावून बघत होते. वस्ताद अदबीने थांबला.

"नमस्कार काका. आमचा एक नवीन पोरगा आहे, बारीक आवाजाचा. दिसला का कुठे?"

"मीच तो, वस्ताद," घड्याळवाला म्हणाला.

वस्तादाने काळा चष्मा काढला. मिशा बघितल्या, केस बघितले, कपाळावरच्या आठ्या बघितल्या. आवाज पुन्हा एकदा आठवून बघितला. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"तुम्ही?" तो म्हणाला. "आणि मी तुम्हाला शेंबड्या..."

"रोज."

"वय काय आपलं?"

"बावन्न."

"मी चव्वेचाळीसचा," वस्ताद म्हणाला आणि मटकन फूटबोर्डवर बसला. घड्याळवाल्यालाही धक्काच बसला. शिव्यांच्या वजनावरून त्याने वस्तादाला साठीचा धरला होता.

त्या दिवशी शेवटची फेरी होती, तयार की नाही ते ठरवायची. वस्ताद शेजारच्या सीटवर बसला तो अंग चोरून. "निघायचं का, काका?" त्याने मृदू आवाजात विचारलं. "सावकाश बरं का. तुम्हाला जमेल तसं. काही घाई नाही."

घड्याळवाल्याने क्लच सोडला. गाडी आचका देऊन बंद पडली.

"असू द्या, असू द्या," वस्ताद म्हणाला. "होतं असं या वयात."

दुसऱ्यांदा गेटापाशी बंद पडली. तिसऱ्यांदा गेटात. घड्याळवाल्याला दरदरून घाम फुटला. हातातोंडाशी आलेली नोकरी या गोडव्यात बुडून जाणार, हे त्याला स्पष्ट दिसायला लागलं.

"वस्ताद," तो काकुळतीने म्हणाला, "असं करू नका हो. तुम्ही गोड बोललात की मला वाटतं, मला काहीच येत नाही. ओरडा."

"ओरडू? तुमच्यावर? माझ्या थोरल्या भावाच्या वयाचे तुम्ही!"

"थोरल्या भावावर कधी ओरडला नाहीत?"

वस्तादाने विचार केला. "पुष्कळदा ओरडलोय."

"मग?"

वस्तादाने घसा खाकरला, उशीवर नीट बसून घेतलं, आणि छाती भरून श्वास घेतला.

"अहो काका! झोप लागली का आपल्याला? मागचं काय आपले तीर्थरूप बघणार आहेत?"

गेटवरचा पहारेकरी स्टुलावरून उडाला. घड्याळवाल्याच्या पायात मात्र जीव आला. इंजिन धरलं, गाडी हलली, "डावा मोकळा, उजवा मोकळा," म्हणत तो रस्त्यावर आला आणि सगळा गाव फिरून, दोन अवघड वळणं आणि एक पूल पार करून, घामाचा एक थेंबही न गाळता परत फिरला. वाटेत वस्तादाने अदबीने आणि पोटभर शिव्या घातल्या.

यार्ड जवळ आलं तेव्हा डॅशबोर्डवरचा फोन वाजला. "काय वस्ताद," ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, "झाला का तयार?"

वस्तादाने डावा आरसा बघितला, उजवा बघितला, मग शेजारी स्टिअरिंगवरच्या त्या दोन स्थिर हातांकडे बघितलं.

"झाले," तो म्हणाला. "पण त्यांना इतक्यात सांगू नका, बाई. डोक्यावर चढून बसतील."

"वस्ताद, अहो, मी इथेच आहे," घड्याळवाला म्हणाला.

"माहीत आहे," वस्ताद म्हणाला. "दिसताय मला."